कालचा खेळाडू, आजचा प्रशिक्षक

प्रश्न : चांगला खेळाडू चांगला प्रशिक्षक होतोच असं नाही म्हणतात. बास्केटबॉलमध्ये याला अपवाद कोण, सांगाल का?

उत्तर : माझ्यापुरतं पहिलं नाव झेल्को ओब्रादोविच. सर्बियातल्या चाचाकचा, जन्म 1960. गार्ड म्हणून खेळायचा. युगोस्लाव्हियाकडून 1988 च्या ऑलिंपिकमध्ये रौप्य, 1990 ला विश्वविजेतेपद. पण बाई, खरी गंमत पुढेच आहे. 1991 मध्ये खेळणं सोडलं आणि थेट पार्टिझान बेलग्रेड या आपल्याच क्लबचा प्रशिक्षक झाला! काल ज्यांच्याबरोबर चेंडू टाकला, त्यांनाच आज ओरडायचं. त्यात युगोस्लाव्हियात युद्ध पेटलेलं, म्हणून युरोपीय स्पर्धेतले घरचे सामने माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादात खेळावे लागले. तरी 1992 ला इस्तंबूलच्या अंतिम फेरीत पार्टिझानच्या जॉर्जेविचने शेवटच्या क्षणी तीन गुणांचा बास्केट टाकला आणि स्पेनमधल्या बदालोनाच्या होव्हेंतुत क्लबला 71-70 हरवलं. पुढे 1994 मध्ये त्याच होव्हेंतुतचा प्रशिक्षक होऊन ओब्रादोविचने त्यांना युरोपविजेते केलं. याला म्हणतात जखमेवर मलम! मग रेआल माद्रिदबरोबर एक, अथेन्सच्या पानाथिनाइकोसबरोबर पाच विजेतेपदं, 2017 ला तुर्कस्तानच्या फेनरबाचेबरोबर एक. युरोपची एकूण नऊ विजेतेपदं.

टाइमआऊटमध्ये तो लालबुंद होऊन ओरडतो, ते बघून माझ्या भाचीने विचारलं होतं, "मावशी, याला कुणी काही बोलत नाही का?" मला तो आरडाओरडा फारसा आवडत नाही. पण मोठमोठे खेळाडू मुकाट ऐकून घेतात, हेही खरं.