‘ऐकत बसलो तर माल कधी जाणार?’

दबावाखाली माणसं सांभाळणारे लोक माझ्याकडे समुपदेशनाला येतात ते हाच प्रश्न घेऊन. गारमेंटमधला लाइन सुपरवायझर असो, मार्चअखेरीला टेकीला आलेला शाखाधिकारी असो, वॉर्डची इन्चार्ज सिस्टर असो. शांत राहणं हा जन्मजात स्वभाव असतो आणि तो आपल्या वाट्याला आलेला नाही, हे सगळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याचे प्रॉडक्शन मॅनेजर. कामात वाघ. घरातही चढ्या आवाजात बोलायला लागले म्हणून बायकोनं पाठवलेलं, पण त्यांची तक्रार कामगारांबद्दल: “ओरडल्याशिवाय कुणी हलत नाही, मॅडम.”

शेवटचा भडका कधी उडाला, विचारलं. कंटेनर भरायच्या आदल्या दिवशी. ऑर्डर ५०० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाची, आणि चार लूमचा (मागांचा) माल ४६० च्या आसपास भरला. मग त्यांनी मला टेरी टॉवेल समजावला. ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, बीम दोन: ग्राउंडचा (तळाच्या कापडाचा) ताठ, पाइलचा (वरच्या लूपचा) सैल. तीन पिक (आडवे धागे) पडले की फणी ते पुढे ठोकते आणि सैल ताणा लूप होऊन उभा राहतो. पाइल बीम जास्त आवळला गेला तर लूप आखूड पडतो, वजन घटतं.

“हे जॉबरला, लूम लावून देणाऱ्या कारागिराला, कळत नाही?”

“अण्णांना नुसतं बोट फिरवून कळतं.”

“मग अण्णांना कधी कळलं होतं?”

ते बराच वेळ गप्प बसले. “दोन दिवस आधी. रात्रपाळीला.”

“आणि तुम्हाला?”

“त्याआधी एकदा सांगायला आले होते, तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, कुणी केलं म्हणून.”

इथे सल्ला द्यायचा मोह होतो. मी दिला नाही, आणि पुढचं सगळं त्यामुळेच सोपं गेलं असं मला वाटतं. रागाची किंमत बातमी उशिरा पोचण्यात मोजावी लागते, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं मांडलं. मी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांना मानणारी. मन लावून ऐकण्याबद्दल १९५७ मध्ये त्यांनी रिचर्ड फार्सन यांच्यासोबत लिहिलं, ते उद्योगातल्या वरिष्ठांना डोळ्यांसमोर ठेवून.

आता करायचं काय? शेडमध्ये शिरण्याआधी दारातच चार अंक मोजत श्वास घ्या, सहा ते आठ अंक मोजत सोडा, पाच-सहा वेळा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांब हवं. लोक छातीभर श्वास घेऊन कोंडून धरतात, किंवा भडकल्यावर मोजायला लागतात. दोन्हींचा फारसा उपयोग होत नाही.

लूमशेडमध्ये ऐकायला जाऊच नका. तिथला आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो, साधं बोलायलाही ओरडावं लागतं, आणि ओरडणारा चेहरा समोरच्याला रागावलेलाच दिसतो. माणसाला स्टोअरपाशी, गेटपाशी, कुठेही बाहेर घेऊन या. ‘कुणी’ विचारायचं नाही. कधीपासून, कुठल्या लूमवर, तुम्हाला काय वाटतं, एवढंच. विचारल्यावर मनात पाच अंक मोजा. आमचे मॅनेजर दुसऱ्या अंकालाच स्वतः उत्तर द्यायचे. मग ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा: “म्हणजे बीम बदलला तेव्हापासून, आणि चारही लूमवर?” हे वकिली थाटात म्हटलं की उलटतपासणी होते. ऐकलं म्हणजे मान्य केलं असंही नाही. निर्णय तुमचाच, फक्त तो किती वाजता देणार ते तिथेच सांगा.

अण्णा घरी तेलुगू बोलतात. घाबरले की त्यांची मराठी ‘होय साहेब’वर येऊन थांबते. मॅनेजर सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागातच वाढलेले, त्यांना तेलुगू सगळी कळते, पण कारखान्यात कधी ऐकून घेतली नव्हती. अण्णांना तेलुगूत बोलू द्या म्हटल्यावर दोन वाक्यांच्या जागी पाच मिनिटांची माहिती यायला लागली.

काही आठवड्यांनी ते वैतागून आले. “मॅडम, तक्रारीच वाढल्या!” मला मनातून बरं वाटलं. संशोधक एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात हॉस्पिटलांच्या अभ्यासात असंच आढळलं होतं: चांगल्या टीममध्ये चुका जास्त नोंदलेल्या, कारण तिथे माणसं बोलत होती. तक्रारी मोजू नका, त्या किती लवकर आल्या ते बघा, एवढंच सांगितलं.

(झोप उडाली असेल, बीपी वाढलं असेल, हात उगारला जात असेल, तर आधी डॉक्टर. हे श्वास मोजून भागणारं नाही.)

राहिला मालकांचा फोन. तो ठेवला की तसंच तणतणत शेडमध्ये जायची त्यांची सवय. आम्ही एक वाक्य चार-पाच वेळा म्हणून पाहिलं: “शेठ, चार लूमवर पाइल कमी पडतोय. किती माल अडला ते चार वाजता आकड्यासह सांगतो.” आकडा हवा म्हटल्यावर मॅनेजरना अण्णांकडेच जावं लागतं, आणि तेही विचारायला.