सिकलसेल नाही, मग पेशी गोल का?

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचे डोळे अधूनमधून पिवळे दिसतात आणि हिमोग्लोबिन 9 च्या वर जात नाही. सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणारी चाचणी) दोन्ही झाल्या. त्यांत दोष निघाला नाही. रक्ताच्या काचपट्टीच्या अहवालात मात्र ‘स्फेरोसाइट’ (गोल तांबड्या पेशी) असे लिहिले आहे. पेशीचे आवरण चरबीचे असते, तेव्हा तेल-तूप बंद करा, असे नातेवाईक सांगतात. करावे का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : तेल-तूप बंद करू नये. विदर्भात पिवळे डोळे दिसले की पहिली शंका सिकलसेलची येते आणि ती योग्यही आहे. पण त्या चाचण्या हिमोग्लोबिनच्या असतात, आवरणाच्या नव्हेत. तांबड्या पेशीचे आवरण मेदाच्या दुहेरी थराचे असते आणि आतून त्याला स्पेक्ट्रिन, अँकिरिन अशा प्रथिनांच्या जाळीचा आधार असतो. आनुवंशिक स्फेरोसायटोसिस या गोल पेशींच्या जन्मजात विकारात ही जोडणीच सैल असते, त्यामुळे आवरणाचे कण गळत जातात आणि मधोमध खोलगट असणारी पेशी गोळीसारखी होते. अशी ताठर पेशी प्लीहेतील, म्हणजे पाणथरीतील, अरुंद फटींतून निसटू शकत नाही व 120 दिवसांचे आयुष्य पुरे होण्याआधीच फुटते. पिवळेपणा येतो तो त्यातून; यकृताचा त्यात दोष नसतो, म्हणून काविळीची माळ घालून काही साधत नाही.

तरीही नातेवाइकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पक्व तांबडी पेशी स्वतः मेद तयार करू शकत नाही, आवरणातील कोलेस्टेरॉलची देवाणघेवाण ती रक्तद्रवाशी करते, त्यामुळे रक्तातील मेदाचे काही दुर्मीळ जन्मजात विकार तिच्या आकारात उमटतात. एबीटालिपोप्रोटीनेमियात पेशींना काटे फुटतात. अशा मुलांना तेलकट जुलाब होतात, पुढे ई जीवनसत्त्वाअभावी चाल व दृष्टी बिघडते, आणि तिथे आहारातील मेद खरोखरच कमी करावा लागतो. एलकॅट या विकराचा अभाव असल्यास कोलेस्टेरॉल आवरणात साचून पेशी नेमबाजीच्या चकतीसारख्या दिसतात. (चकतीसारख्या पेशी थॅलेसेमियातही आढळतात, त्यामुळे त्यावरून घाईने निदान करू नये.) सिटोस्टेरोलेमियात वनस्पतींतील स्टेरॉल साचतात, पेशींच्या मध्यभागी तोंडासारखी फट दिसते आणि प्लेटलेट मोठ्या व कमी असतात. तुमच्या मुलाच्या अहवालात यांपैकी काहीही नाही.

मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयाच्या) बालरोग विभागात किंवा रक्तविकारतज्ज्ञांकडे काचपट्टी घेऊन जावे. कूम्ब्स चाचणी आधी व्हावी, कारण शरीरातील प्रतिपिंडांमुळेही पेशी अशाच गोल होतात; ती निगेटिव्ह आल्यास फ्लो सायटोमेट्री या यंत्रावरील ईएमए चाचणी (पेशीच्या आवरणातील प्रथिने रंगद्रव्याने तपासणारी) उपयोगी ठरते. सुमारे 75 टक्के कुटुंबांत हा दोष आई किंवा वडिलांकडून येतो, म्हणून तुम्हा दोघांचेही रक्त तपासून घ्यावे. पित्ताशयात खडे आहेत का हे सोनोग्राफीत पाहावे आणि फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. प्लीहा काढण्याचा विषय कोणी काढलाच, तर न्यूमोकोकस व मेनिंगोकोकसविरुद्धच्या लसी आधी टोचून झाल्या पाहिजेत. तापानंतर मुलगा एकाएकी पांढराफटक पडला, तर त्याच दिवशी हिमोग्लोबिन पाहावे. पार्व्होव्हायरसच्या संसर्गात नव्या पेशी तयार होणे काही दिवस थांबते.