'की' (किल्ली) आली म्हणजे शो लागला असं नव्हे

चि. भाऊ,

परवा टॉकीजच्या प्रोजेक्टर केबिनच्या जिन्यात तू म्हणालास, "काका, आते ऑपरेटरनं काय काम शे? फाईल वरून येते, बटण दाबलं की झालं. मी पुण्याला जातो." तेव्हा मी गप्प बसलो. रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

जायचं तर जा. पण काम उरलं नाही म्हणून जाऊ नकोस, ते खोटं आहे. आपण तपासल्याशिवाय पडद्यावर काही जाऊ द्यायचं नाही, हे आपलं काम. ते प्रिंटच्या पेट्या यायच्या तेव्हाही हेच होतं.

मी शिकलो सारंगखेड्याच्या यात्रेत, तंबूतल्या टॉकीजवर. मिनिटाला 90 फूट फिल्म पळायची, अडीच तासांच्या सिनेमाची प्रिंट 13,500 फुटांची. सगळी हाताने रिवाइंड करायची आणि करताना तिच्या कडा चिमटीतून सोडायच्या. फाटलेलं भोक बोटाला टोचतं. तिथे थांबायचं, कापायचं, खरवडायचं, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून सांधायचं. मागच्या गावाने "तपासली आहे" म्हणून सांगितलं तरी चिमटीतून सोडायचीच.

डिजिटल आलं तेव्हा मी ट्रेनिंगला गेलो नाही. "डब्यापाशी काय शिकायचं?" म्हणालो. चुकलं माझं. प्रिंटा काढणं महाग, त्यामुळे आपल्याकडे नवा सिनेमा शहरं फिरून, ओरखडे पडून यायचा. आता तो मुंबईच्याच शुक्रवारी येतो. एवढं मान्य करायला मला दोन वर्षं लागली.

पुढे आमचा सर्व्हर, म्हणजे फाईल ठेवून सिनेमा चालवणारा डबा, बदलला. गुरुवारी फोन आला, "'की' पाठवलीय, सगळं ओके." 'की' म्हणजे कुलूपबंद सिनेमा उघडणारी डिजिटल किल्ली. मी विश्वास ठेवला. शुक्रवारी 12 चा शो हाऊसफुल्ल आणि पडदा काळा! की बनते ती एकाच सर्व्हरसाठी, ठरलेल्या मुदतीपुरती. आलेली की जुन्या सर्व्हरची होती. खुर्च्या फाटल्या, तिकिटाचे पैसे परत द्यावे लागले. फोनवाल्याला मी वर्षानुवर्षं शिव्या दिल्या, पण चिमटीतून सोडली नव्हती ती मीच.

तरी ट्रेनिंग नव्हतं म्हणून हे झालं, असं आमचे मालक म्हणायचे, ते मला आजही पटत नाही. ट्रेनिंग झालेले कुठे तपासतात? तुझं झालंय ना? मग गेल्या शुक्रवारी स्कोपचा, म्हणजे जास्त रुंद चित्राचा, सिनेमा फ्लॅटवर, म्हणजे कमी रुंदीच्या सेटिंगवर, पाच मिनिटं कसा चालला? सर्व्हर तक्रार करत नाही रे. लेन्सवरची धूळ त्याला दिसत नाही, बंद पडलेला स्पीकर त्याला ऐकू येत नाही. तपास. की आली की सर्व्हरचा नंबर जुळव, मुदत कधी सुरू होते ते वाच, मुदत सुरू झाली की लगेच सिनेमा लावून बघ. सुरुवात, इंटरव्हल, शेवट. केबिनच्या काचेतून नको, खाली हॉलमध्ये बसून बघ.

या आठवड्याची की आली की फोन कर. जिना आता चढवत नाही, पण खाली मागच्या रांगेत येऊन बसेन. उजवीकडचा शेवटचा स्पीकर मला दबका वाटतोय. तू वरून आवाज सोड, मी ऐकतो.

तुझा,
काका