लेकीला किरणोत्सारी रसायनशास्त्रात जाऊ द्यावं का?

स.न.वि.वि.

कराडहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. लेक बी.एस्सी.चं पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी पास झाली, तिचं मनापासून अभिनंदन. अमेरिकेत बर्कलेला रिबेका अबर्जेल या शास्त्रज्ञांनी आइन्स्टाइनियम या मूलद्रव्यावर काम केलं, ते वाचल्यापासून ‘मला हेच करायचंय’ असं तिनं धरून ठेवलंय, असं तुम्ही लिहिता. तुमच्या घरात भीती आहे ती किरणोत्साराची. तिची तब्येत, पुढं लग्न, मुलंबाळं. शिवाय ‘असल्या विषयाला नोकरी कोण देणार’ हा प्रश्न. आणि पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे: दुसऱ्या वर्षी ती भौतिकशास्त्र सोडून मायनरला, म्हणजे दुय्यम विषय म्हणून, वनस्पतिशास्त्र घेणार, कारण त्यात मार्क सुटतात.

मला काळजी वाटली ती या शेवटच्या ओळीची. का, ते कळण्यासाठी तिला ज्या कामानं ओढ लावलीय ते काम नेमकं काय होतं, हे आधी सांगते.

आइन्स्टाइनियम निसर्गात मिळत नाही. १९५२ मध्ये प्रशांत महासागरात अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली, त्या स्फोटाच्या अवशेषांत ते पहिल्यांदा सापडलं. आज ते अमेरिकेतल्याच ओक रिज इथल्या अणुभट्टीत अगदी लेशमात्र तयार होतं. अबर्जेल यांच्या गटाच्या हाती आलं ते २५० नॅनोग्रॅमपेक्षाही कमी, म्हणजे एका ग्रॅमचे चाळीस लाख भाग केले तर त्यातला एकसुद्धा पुरता नाही. त्यातही त्यांना मिळालेल्या समस्थानिकाचं (मूलद्रव्याच्या त्या प्रकाराचं) अर्धायुष्य, म्हणजे माल निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे २७६ दिवसांचं, त्यामुळे दर महिन्याला सात टक्के माल आपोआप कमी होत होता. भरीला नमुन्यात कॅलिफोर्नियम या दुसऱ्या मूलद्रव्याची भेसळ निघाली. स्फटिक करून त्याची रचना पाहायची हा मूळ बेत त्यामुळे सोडावा लागला.

मग त्यांनी स्टॅनफर्डच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, क्ष-किरण शोषणाची पद्धत वापरली. क्ष-किरणांची ऊर्जा हळूहळू वाढवत नेली की एका ठरावीक ऊर्जेला त्या मूलद्रव्याचा अणू ते किरण एकदम जास्त शोषू लागतो आणि त्याच्या आतला एक इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी असते, म्हणून भेसळ असली तरी आइन्स्टाइनियमचा आवाज निराळा काढता येतो. बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन तरंगासारखा वागतो. शेजारच्या अणूंवर आपटून तो परततो आणि शोषणाच्या आलेखावर बारीक लहरी उमटतात. त्या लहरींवरून शेजारचा अणू किती अंतरावर आहे ते काढता येतं. अशा रीतीनं आइन्स्टाइनियमच्या बंधाची लांबी, म्हणजे त्याला जोडलेल्या अणूपर्यंतचं अंतर, पहिल्यांदाच मोजली गेली, आणि ती आवर्तसारणीतल्या शेजारच्या मूलद्रव्यांवरून बांधलेल्या अंदाजाशी जुळली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झालं.

आता लेकीला विचारा, यात भौतिकशास्त्र कुठं कुठं आलं? इलेक्ट्रॉनचे तरंग, ऊर्जापातळ्या, आलेखावरच्या लहरी सोडवण्याचं गणित. रसायनाच्या नावाखाली चालणारं हे काम निम्मंअधिक भौतिकशास्त्राचं आहे. आणि ती नेमका तोच विषय टाकायला निघाली आहे. वनस्पतिशास्त्राबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मार्क सुटतात म्हणून विषय निवडला तर एम.एस्सी.च्या दाराशी, आयआयटीच्या ‘जॅम’ परीक्षेत, तिला क्वांटम आणि थर्मोडायनॅमिक्सच्या गणितांपुढं अडून राहावं लागेल. पहिल्या वर्षी भौतिकशास्त्रात मार्क कमी पडले असतील तर शिकवणी लावा, पण विषय सोडू देऊ नका.

तुमच्या भीतीबद्दल. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आइन्स्टाइनियम, प्लुटोनियम यांसारखी मूलद्रव्यं अल्फा कण सोडतात. हा कण साध्या कागदानं अडतो, कातडीच्या आत जात नाही, पण तोच पदार्थ श्वासातून किंवा जखमेतून शरीरात गेला तर हाडांत, यकृतात जाऊन बसतो. म्हणूनच ही सगळी कामं ग्लोव्हबॉक्समध्ये चालतात. काचेची बंद पेटी, तिच्या भिंतीतून आत गेलेले जाड रबरी हातमोजे, आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे फट पडलीच तर हवा आत येते, बाहेर जात नाही. छातीला डोसाची नोंद ठेवणारा टीएलडी बॅज. बाहेर पडताना हातपाय यंत्रावर तपासल्याशिवाय सोडत नाहीत. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळानं कामगारांसाठी पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट (हे किरणोत्साराच्या डोसाचं माप) आणि कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा घातली आहे. बाईनं गरोदर असल्याचं कळवलं की पोटातल्या बाळासाठी याहून कितीतरी कडक मर्यादा लागू होते आणि त्यानुसार काम बदलून दिलं जातं. लग्नाच्या बोलणीत कुणी विचारलं तर हे सगळं सरळ सांगता येण्यासारखं आहे.

आणखी एक गोष्ट तुम्हा दोघांना मुद्दाम सांगते. त्या प्रयोगात आइन्स्टाइनियमच्या अणूला एका मोठ्या रेणूनं धरून ठेवलं होतं; त्याच कुळातल्या रेणूपासून अबर्जेल आणि त्यांचे सहकारी एक औषध तयार करत आहेत. शरीरात शिरलेले प्लुटोनियमसारखे धातू पकडून बाहेर काढणं हे त्याचं काम. २०२३ मध्ये त्याची माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली. तुम्हाला ज्याची धास्ती वाटते, त्यावरच उपाय शोधणारी माणसं या क्षेत्रात आहेत. मला हे फार मोलाचं वाटतं.

नोकरीचं म्हणाल तर खरी अडचण इथं आहे. आइन्स्टाइनियमवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा जगात बोटांवर मोजण्याइतक्या, त्यामुळे ‘हेच करायचंय’ यातल्या ‘हेच’ला थोडी ढील द्यावी लागेल. रस्ता मात्र आपल्याकडेही आहे. एम.एस्सी. रसायन झाल्यावर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलची निवड असते. नंतर मुलाखत, एक वर्षाचं प्रशिक्षण आणि मग वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमणूक. निवड ‘गेट’ या परीक्षेच्या गुणांवर की आणखी कशावर, शिवाय वयाची आणि गुणांची अट, हे त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघा. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे, आणि त्यावर क्ष-किरण शोषणाच्या याच पद्धतीची केंद्रं चालतात. विद्यापीठांतल्या संशोधक विद्यार्थ्यांनाही तिथं प्रयोग करायला मिळतात.

तिथं पोचली नाही तरी शिकलेलं वाया जात नाही. बॅटऱ्या, उत्प्रेरक, मातीतलं आर्सेनिक, सगळीकडं हीच क्ष-किरण पद्धत लागते. आणि कॅन्सरच्या उपचारात वापरलं जाणारं ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सारी द्रव्य आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. ते शुद्ध करून औषधाला जोडणारं रसायनशास्त्र तेच, जे तिला आवडतंय. या कामाला माणसं लागणारच आहेत.

मात्र वेळेचा हिशेब दोघांनी समोर ठेवा. एम.एस्सी. आणि पीएच.डी. धरून अजून आठनऊ वर्षं. मधल्या काळात फेलोशिप मिळते, ती पोटापुरती. ट्रेनिंग स्कूलचा रस्ता याहून बराच आधी पगार देतो. घरची गरज असेल तर तो आधी आणि पीएच.डी. नोकरीत राहून, असंही होतं.

तूर्त एकच करा. विषय बदलण्याची मुदत कॉलेजच्या ऑफिसात या आठवड्यात विचारा आणि लेकीला भौतिकशास्त्राच्या सरांना भेटायला सांगा. मुदत संपली असेल तर तिनं स्वतः मला लिहावं, पहिल्या वर्षाचे प्रत्येक विषयाचे मार्क सोबत जोडून. मायनर हातचं गेलं तरी तो अभ्यास बाहेरून कसा भरून काढायचा, ते मी तिला कळवीन.