सिझिजी म्हणजे काय आणि हा शब्द आला कुठून?

सिझिजी म्हणजे सूर्य, पृथ्वी आणि चंद्र (किंवा कुठलेही 3 गोल) जवळपास एका रेषेत येणं, म्हणजे दर अमावस्या आणि पौर्णिमा ही सिझिजीच, फक्त चंद्राची कक्षा साधारण 5 अंश कललेली असल्यामुळे रेषा दरवेळी नेमकी जुळत नाही आणि म्हणून दर महिन्याला ग्रहण लागत नाही.

शब्द मूळचा ग्रीक. सिन म्हणजे सोबत आणि झिगोन म्हणजे जू, तेच आपलं बैलांच्या मानेवरचं! आणि खरी मजा पुढे आहे, झिगोन, संस्कृतातलं युग (त्याचा एक अर्थ जूच) आणि आपलं जू हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत. चोपड्याकडे आमच्या शेतात आजोबा दोन्ही बैल जुवाखाली घ्यायचे, शिवळा (जुवातल्या खुंट्या) घालायचे, जोते (मानेखालचे पट्टे) बांधायचे, ते आठवलं की हा शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही.

अजून एक, मला फार आवडतं ते. आपला पोळा श्रावणी अमावस्येला, त्या दिवशी बैलांच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत आणि वर आभाळात मात्र सूर्य-चंद्र एका जुवाला जुंपलेले असतात.