राजा ढाले म्हणजे फक्त तो ‘साधना’तला लेख का? पँथरपलीकडे त्यांचं काय उरतं?

तुम्ही विचारलंय की लेखक आणि दलित पँथरचे नेते राजा ढाले यांचं नाव निघालं की लोक ‘साधना’ साप्ताहिकातल्या १९७२च्या एकाच लेखाबद्दल का बोलतात. कारण तो लेख होताच तसा. पण माझ्या मते ढाले समजून घ्यायचे तर सुरुवात १९७२च्या आधीपासून करावी लागते.

ते मूळचे सांगलीकडच्या नांद्र्याचे, वाढले मुंबईत. साठच्या दशकात लघुनियतकालिकांची, म्हणजे तरुण लेखकांनी स्वतः काढलेल्या छोट्या बंडखोर अंकांची, धामधूम चालू होती. ‘येरू’, ‘चक्रवर्ती’ असले अंक काढणाऱ्या पोरांमध्ये ढाले पुढे होते. ‘सत्यकथा’ या प्रतिष्ठित मासिकाची मराठी साहित्यात केवढी दहशत होती, हे आज सांगून पटायचं नाही. ढाल्यांनी तिच्यावर लिहिलं आणि मित्रांसोबत तिच्या अंकाची होळीही केली. प्रतिष्ठितांना नेमकं कुठे झोंबेल, हे त्यांना तिथेच कळलं असावं.

मग आला १५ ऑगस्ट १९७२. स्वातंत्र्याची पंचविशी. ‘साधना’च्या विशेषांकात ढाल्यांनी ‘काळा स्वातंत्र्यदिन’ लिहिला. परभणीकडच्या ब्राह्मणगावात दलित स्त्रीची विटंबना झाली होती. अशा गुन्ह्याला दंड पन्नास रुपये आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाला तीनशे, हा हिशेब त्यांनी मांडला आणि पुढे ध्वजाबद्दल जे लिहिलं त्यावरून गदारोळ उठला. गंमत बघा, भांडण झालं ते भाषेवरून. पन्नास रुपयांवर फारसं कुणी बोललं नाही. आजही बोलत नाहीत.

दलित पँथर ही दलित तरुणांची लढाऊ संघटना त्याच वर्षी मुंबईत उभी राहिली होती, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि ढाले ही त्यातली मोठी नावं. या लेखामुळे ती घरोघरी पोचली. जानेवारी १९७४मध्ये वरळीची दंगल झाली आणि त्यानंतरच्या मोर्चात पँथरचे कार्यकर्ते भागवत जाधव मारले गेले.

फूट पडली तीही त्याच वर्षी. ढसाळांनी मांडलेल्या पँथरच्या जाहीरनाम्यात मार्क्स दिसतो, आपला रस्ता बुद्ध-आंबेडकरांचा, असं ढाल्यांचं म्हणणं. हा वाद निव्वळ अहंकाराचा होता असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. अहंकार दोघांकडेही भरपूर होता, पण दलित म्हणजे नेमकं कोण, सगळे शोषित की जातीनं दडपलेले, हा प्रश्न खरा होता आणि अजून सुटलेला नाही. ढाल्यांची बाजू मला अरुंद वाटते, तरी ती विचारांती घेतलेली होती.

१९७७मध्ये ढाले-पवारांनी पँथर बरखास्त केली. बाकीच्यांनी ‘भारतीय दलित पँथर’ काढली. ढाल्यांनी ‘मास मूव्हमेंट’ नावाची संघटना चालवून पाहिली, ती काही पसरली नाही. पुढे मात्र ते बौद्ध धम्म आणि ‘धम्मलिपी’ या आपल्या नियतकालिकात रमले. या काळाबद्दल कुणी लिहीत नाही, कारण त्यात दंगल नाही. जुलै २०१९मध्ये मुंबईत ते गेले.

वाचायला सुरुवात करायची तर त्यांनी ‘सत्यकथे’वर लिहिलेलं आधी वाचा, ‘काळा स्वातंत्र्यदिन’ नंतर. लेखातला संताप अचानक आलेला नव्हता हे त्या क्रमाने वाचलं की दिसतं.