मागं कुणीतरी थांबलंय

बेटा,

तुझा मेसेज वाचला. पुढच्या साथीच्या आराखड्यातलं फोनलाइनचं पान तुझ्याकडं आलंय, तू वीस फोन मागितलेस, साहेब म्हणाले रेकॉर्डेड आवाज बसवू, आणि आता अडून बसावं की सोडून द्यावं हे तुला कळेना. पण तुझ्या मेसेजातलं खरं वाक्य शेवटचं आहे. २०२१ च्या एप्रिलात तू कॉलेजातून कोरोनाच्या कंट्रोल रूमला मदतीला बसली होतीस, एका बाईंचा फोन त्या बोलत असतानाच ठेवलास, आणि ते अजून मनातून जात नाही. वीस फोनांचं नंतर बघू.

त्या बाईंच्या नवऱ्याचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ९७ टक्के होतं. दम लागत नव्हता. काय बघायचं, परत कधी फोन करायचा, हे तू सांगितलंस. त्या घाबरल्या होत्या, अजून बोलायचं होतं. तू फोन ठेवलास, कारण मागं कुणीतरी थांबलं होतं. बरोबर केलंस. त्या बाईंचा आवाज कानात राहिला, कारण तू तो ऐकलास. मागचा माणूस आठवत नाही, कारण तो तुझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. आपल्या कामात सगळी चूक इथं होते: ज्याचा आवाज आला तो पेशंट, आणि जो रिंग ऐकत बसला तो कुणीच नाही. तोही आपलाच पेशंट आहे. बहुतेक वेळा जास्त गंभीर तोच असतो.

आता वीस फोन. वीस कुठून आणलेस? अंदाजानं ना? साहेबांपुढं अंदाज घेऊन जाऊ नकोस. डेन्मार्कमधल्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचे गणिती होते, किती जण बसवले की फोन करणाऱ्याला किती थांबावं लागतं, याचं सूत्र त्यांनी १९१७ साली मांडून ठेवलंय आणि कॉल सेंटरवाले आजही तेच वापरतात. समज, तासाला ६० फोन येतात, एका फोनला सरासरी ४ मिनिटं लागतात आणि पाच जण बसलेत. थांबण्याचा वेळ सरासरी सव्वादोन मिनिटांच्या आसपास येतो. चालून जातं. आता फोन ७२ झाले. पाचवा हिस्साच वाढला, पण थांबण्याचा वेळ जातो १८ मिनिटांवर. आणि हे कुणी कंटाळून फोन ठेवत नाही असं धरून. सहावा माणूस बसवलास की तोच वेळ दोन मिनिटांच्या आत येतो. पाचच जण ठेवून प्रत्येक फोन चारऐवजी तीन मिनिटांत आटोपलास, तर एका मिनिटाच्याही आत. हे आकडे स्वतः मांडून बघ आणि मग सांग, तू फोन ठेवलास ते निर्दयपणानं की कुणासाठी तरी.

त्या दिवसांत फोन कसा यायचा आठव. "साहेब, स्कोर चौदा आलाय, बेड मिळंल का? घाटीच्या सरकारी दवाखान्यात न्यावं का? रेमडेसिविर कुठं भेटंल?" माणूस सीटी स्कॅनचा कागद वाचून दाखवायचा, आणि समोर बसलेली पोरं नाव, वय, आधार लिहीत बसायची. मी ओरडायचो, आधी दम विचारा! "दम लागायलाय का? मशीनवर आकडा किती दाखवायलंय? पेशंट शुद्धीवर आहे का?" नाव त्यानंतर. आणि नुसत्या आवाजावर जायचं नाही. कोरोनात सॅच्युरेशन ८५ असलेला माणूसही नीट बोलायचा, चहा मागायचा. म्हणून आकडा विचारायचा. ९४ च्या खाली गेला तर पुढची सोय बघायची, नाहीतर सहा मिनिटं चालायला लावून परत बघायला सांगायचं, आणि पुढचा फोन. पत्ता घेताना गावाच्या नावावर थांबू नका. पिंपळगाव कोणत्या तालुक्यात नाही? १०८ चा फोन पुण्यात औंधला उचलला जातो, तिथल्या मुलीला आपला फाटा माहीत नसतो. तालुका, जवळचा फाटा, कुणाचा आखाडा म्हणजे शेतातली वस्ती, एवढं एका दमात विचारून घ्यायचं.

एक गोष्ट मला अजून टोचते. चौकशीचा नंबर वेगळा आणि जिवावरच्या फोनाचा नंबर वेगळा ठेवा, असं मी पहिल्या लाटेतच लिहून दिलं होतं. रिपोर्ट कधी येईल, पास कसा काढायचा, हे सगळं दुसरीकडं जाऊ द्या. सल्ल्यासाठी १०४ होता, बाळंतिणींसाठी १०२ होता, लोकांना ते नुसते नीट सांगायचे होते. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, आणि मंजुरी आली तोवर दुसरी लाट ओसरली होती. मधल्या काळात एकाच लाइनवर पासची चौकशी करणारा आणि साप चावलेल्या पोराचा बाप एकामागं एक थांबले. साथ आली म्हणून बाळंतपणं थांबत नाहीत, छातीत दुखायचं थांबत नाही, पावसाळ्यात शेतात साप निघायचे थांबत नाहीत. मुंबईत २०२० च्या जूनमध्ये बेडचं काम एका ठिकाणाहून काढून २४ वॉर्डांच्या वॉर रूमकडं दिलं गेलं. आपल्याकडं तालुकावार ते करता आलं असतं. तुझ्या पानावर हे पहिलं आलं पाहिजे, फोनांच्या आकड्याच्याही आधी.

रेकॉर्डेड आवाजाला माझा विरोध नाही. पण तो काय बोलतो ते बघ. २०२० साली कुठंही फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा आणि मग सूचना. ज्याच्या घरात माणूस धापा टाकतोय त्यालाही तेच ऐकावं लागायचं. तुझ्या मशीनचं पहिलं वाक्य एवढंच हवं: दम लागत असेल, माणूस बेशुद्ध असेल, तर एक दाबा. आणि एक दाबलं की माणूसच बोलला पाहिजे. स्वागत, आवाहन, कुणाचा संदेश, काही नको. ज्याला बटन दाबता येत नाही, त्या म्हातारीचा फोन आपोआप माणसाकडं गेला पाहिजे.

सुटलेला फोन परत लावायचा. आपल्याकडं मिस्ड कॉल देऊन वाट बघायची सवय आहे, बॅलन्स नसतो, रेंज नसते. त्यासाठी एक माणूस वेगळा ठेव, त्यानं फक्त परत फोन लावायचे. आणि एका पेशंटसाठी चाकणहून मुलगा, गावाहून भाऊ, शेजारचा मास्तर असे सगळेच फोन करतात. विचार, "याआधी कुणी लावला होता का?" एकच नंबर धर आणि त्यालाच खबर दे. आपण गप्प राहिलो की लोक पुन्हा पुन्हा लावतात, आणि ती गर्दी आपणच तयार केलेली असते.

आता जे मी सहसा बोलत नाही ते. त्या महिन्यात माझ्या मोबाइलवर सारखे फोन यायचे. कुणाचा पीए, कुणाचा मेहुणा, "भाऊंनी सांगितलंय". मी सगळ्यांना एकच सांगायचो, लाइनवर लावा, आकडा सांगा. एका पुढाऱ्याच्या माणसाचं सॅच्युरेशन ९६ होतं, त्याला मी बेड दिला नाही. त्या रात्री तो बेड ८१ असलेल्या एका ऊसतोड कामगाराला गेला. पुढं माझी बदली झाली. डॉक्टर कोरडा आहे, माणुसकी नाही, असं लोक अजून म्हणतात. म्हणू देत. माणुसकी म्हणजे काय फक्त ज्याच्याकडं माझा नंबर आहे त्याच्याशी? मागं थांबलेल्याचं कोण? आजही मी तेच करीन, आणि तुलाही तेच करावं लागेल. तेव्हा तुला एकटं पडल्यासारखं वाटेल, म्हणून आधीच लिहून ठेवतोय.

बसवायला माणसं कोण, याची फार चिंता करू नकोस. मास्तर-बाई मिळतात. फक्त त्यांना समजावून सांगायची सवय असते, ती मोडायला दोन दिवस लागतात. समोर तीन प्रश्नांचा कागद चिकटव. वाईट फोन झाला की त्या माणसाला उठव, बाहेर पाठव, लगेच पुढचा फोन देऊ नकोस.

पान लिहून झालं की मला पाठव, साहेबांकडं त्यानंतर दे. वीस हा आकडा खोड. ताशी किती फोन, किती मिनिटं, किती माणसं, असा तक्ता टाक आणि शेवटच्या रकान्यात थांबायचा वेळ. साहेब नाही म्हणाले तर वाद घालू नकोस, भांडू नकोस. नकार लेखी माग, आणि त्यांच्याच फाइलीत तो तक्ता लाव.